बनी तो बनी : सामूहिक आडवाट-प्रवासाचे नियोजनशास्त्र

डांबरी रस्ता सोडून माळ, नदीकाठ, डोंगरउतार किंवा शेतशिवारातून चारचाकी वाहने हौसेने चालवणे, आणि तेही एकट्यादुकट्याने न करता चार-पाच गाड्यांचा ताफा करून चालवणे, या उद्योगाला हौशी मंडळी 'ऑफ-रोडिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख आडवाट-प्रवास असा केला आहे. या विषयावर जे काही लिहिले-बोलले जाते त्यात इंजिनाची ताकद, टायरची नक्षी आणि चारही चाकांना जोर पुरवणारी 'फोर बाय फोर' यंत्रणा यांचाच बोलबाला असतो. परभणी जिल्ह्यातील परिस्थितीचा विचार करता मात्र असे दिसते की, ताफा चिखलात रुतण्याच्या कितीतरी आधी तो मोबाइलवरील गटात रुतलेला असतो. आणि चिखलातून गाडी ओढून काढण्यासाठी गावोगाव ट्रॅक्टर मिळत असला, तरी गटातून निर्णय ओढून काढणारे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही.

अभ्यासासाठी परभणीची निवड सकारण आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या नऊ तालुक्यांत उत्तरेला जिंतूरच्या डोंगररांगा आहेत, मधून पूर्णा आणि दुधना वाहतात, दक्षिणेकडून पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम अशी गोदावरी जाते आणि या सर्वांच्या मधल्या जागेत काळी जमीन पसरलेली आहे. म्हणजे आडवाटेला लागणारे सर्व साहित्य निसर्गाने जागेवर पोचते केले आहे. शिवाय येथील शेतकरी हा प्रवास छंद म्हणून नव्हे, तर शेतात जायला दुसरी सोय नाही म्हणून रोज करीत आला आहे. दोन शेतांच्या मधून जाणाऱ्या वाटेला मराठवाड्यात पांदण म्हणतात. मोटारसायकलवर युरियाचे पोते आडवे टाकून किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ज्या पांदणीतून तो वर्षानुवर्षे शिव्या देत जातो, त्याच पांदणीतून जाता यावे म्हणून शहरातील एखादा सद्गृहस्थ कर्ज काढून गाडी घेतो, मुद्दाम सुटीचा दिवस निवडतो आणि वर त्याचे चित्रीकरणही करतो, हे शेतकऱ्याला प्रथमदर्शनी खरे वाटत नाही.

मराठवाड्यात 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण सर्वतोमुखी आहे. जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच, असा तिचा ढोबळ आशय असून बदली झालेल्या अधिकाऱ्यांपासून नापास झालेल्या विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांनी तिचा आधार घेतला आहे. आडवाट-प्रवासाच्या नियोजनातही हेच सूत्र मूलभूत मानले जाते. अडचण एवढीच की, प्रवासच परभणीतून सुरू होत असल्यामुळे या सूत्रातील पर्यायी व्यवस्था आधीच वापरून झालेली असते.

नियोजनाकडे वळण्यापूर्वी जमिनीचा स्वभाव पाहणे आवश्यक आहे, कारण ताफ्यातील इतर सदस्यांच्या तुलनेत तिचे वर्तन अधिक सुसंगत असते. काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज मोठ्या प्रमाणावर असते. त्याची रचना पातळ थरांची असल्याने पाणी या थरांच्या मध्ये शिरते व माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगलेली माती टायरच्या नक्षीत बसली की नक्षी दिसेनाशी होते, खाचा बुजून टायर गुळगुळीत बनतो, मातीचा दुसरा थर पहिल्याला चिकटतो, तिसरा दुसऱ्याला, आणि थोड्याच अंतरात चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरून चाक फिरायचे थांबते. वाळूत टायरची हवा 30-35 पीएसआयवरून 18-20 पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी वर राहते, हे खरे. पण राजस्थानातील वाळूची ही युक्ती चित्रफितीत पाहून मानवतच्या चिखलात करणाऱ्याला मऊ टायर घेऊन त्याच जागी बसावे लागते, आणि हवा पुन्हा भरण्याचा पंप आणायची जबाबदारी ज्याने घेतलेली असते तो ऐनवेळी आलेला नसतो.

या जमिनीविषयी विश्वसनीय माहिती मिळवणे अवघड नाही. परभणीत 18 मे 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते, आणि तेथून मराठवाड्यासाठी नियमितपणे हवामानावर आधारित कृषी सल्ला दिला जातो. शेतात पाणी साचले असेल तर चर काढून निचरा करावा, वापसा येईपर्यंत आंतरमशागत करू नये, अशा त्यातील सूचना कापूस आणि सोयाबीनसाठी असल्या तरी टायरलाही तंतोतंत लागू पडतात. वापसा म्हणजे जमिनीत हवा आणि ओलावा यांचा मेळ बसून ती पायाला किंवा औताला चिकटत नाही अशी अवस्था. ज्या जमिनीत बैलाचे औत घालायला शेतकरी तयार नाही, तेथे दीड-दोन टनांची गाडी घालू नये, एवढा निष्कर्ष काढायला कृषी पदवीची गरज नसावी. तरीही ताफ्यातील जाणकार हा सल्ला न वाचता परदेशी हवामान-ॲपवरील ढगाचे चित्र पाहतात, आणि त्या ढगाखाली दोन थेंब काढलेले असतील तर 'किरकोळ आहे' असा शेरा देऊन मोकळे होतात.

नियोजनाची प्रक्रिया व्हॉट्सॲपवरील गटात पार पडते आणि तिचे स्थूलमानाने चार टप्पे करता येतात. पहिला प्रस्तावाचा : 'रविवारी येलदरी?' एवढा एकच प्रश्न, तोही शुक्रवारी रात्री. दुसरा प्रतिसादाचा, ज्यात अंगठ्याच्या चिन्हाचा मुक्त वापर होतो. हा अंगठा 'येतो', 'बघतो', 'वाचले', 'तुम्ही जा' आणि 'बायकोला विचारतो' या पाचही अर्थांनी वापरला जात असल्यामुळे केवळ अंगठे मोजून गाड्यांची संख्या ठरवणे शास्त्रीय ठरत नाही. तिसरा टप्पा विस्ताराचा : येलदरीच्या धरणावर जायचेच तर वाटेत जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी पाहावीत, चारठाण्याची जुनी देवळे पाहावीत, आणि कोणाच्या तरी मेहुण्याचे शेत त्याच बाजूला आहे म्हणून तेथे जेवण करावे, अशी भर पडत पडत अर्ध्या दिवसाच्या प्रवासात दोन दिवसांचा कार्यक्रम भरला जातो. चौथा टप्पा गळतीचा असून तो रविवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्यात एकाच्या घरी अचानक पाहुणे येतात, दुसऱ्याच्या गाडीची बॅटरी उतरते, आणि तिसऱ्याचा फोन लागत नाही, जो पुढे सोमवारी सकाळी आपोआप लागतो.

या साऱ्या गोंधळात एका बाबतीत मात्र नियोजन अचूक असते, ते म्हणजे जेवण. पौष-माघातील प्रवास असेल तर ज्वारीचा हुरडा कोणाच्या शेतात भाजायचा, शेंगदाण्याची चटणी कोण आणणार, दही म्हशीचे की गाईचे, भरिताची वांगी कोणत्या बाजारातून घ्यायची आणि गूळ विसरल्यास जबाबदार कोण, याचा तपशील नावनिशीवार ठरलेला असतो व तो शब्दशः पाळलाही जातो. यावरून या मंडळींकडे संघटनकौशल्य नाही, हा आरोप निराधार ठरतो. ते कौशल्य भरिताच्या वांग्यांवर खर्ची पडते आणि ओढपट्टा, फावडे, हवेचा पंप, प्रथमोपचाराची पेटी, जादा पाणी या गोष्टींसाठी शिल्लक राहत नाही. चौकशी केली असता प्रत्येकाने ओढपट्टा दुसऱ्याकडे असल्याचे गृहीत धरलेले असते, आणि दुसऱ्याकडे तो खरोखर असतोही. फक्त तो गळतीच्या टप्प्यात घरी राहिलेला असतो.

प्रस्थानाच्या वेळेसंबंधीची परिभाषा स्वतंत्र विवेचनाला पात्र आहे. सकाळी सहाला जिंतूर रोडवरील पेट्रोल पंपावर जमायचे ठरले असेल, तर सव्वासहाला येणाऱ्या 'निघालो' या निरोपाचा अर्थ अंघोळ झाली असा घ्यावयाचा असतो. 'निघालोच' म्हणजे अंघोळीला निघालो. 'पाच मिनिटांत' म्हणजे चहा समोर आहे. आणि 'तुम्ही व्हा पुढे' म्हणजे अंथरुणातून लिहीत आहे. मोबाइलवरून चालू ठिकाण दाखवण्याची सोय आल्यापासून या परिभाषेला धोका निर्माण झाला होता, कारण नकाशावरील निळा ठिपका माणसाच्या शब्दावर न जाता माणसावर जातो. परंतु ती सोय बंद ठेवण्याचीही सोय असल्यामुळे परंपरा अबाधित राहिली आहे.

पुढचा प्रश्न नकाशाचा. महाराष्ट्रात प्रत्येक महसुली गावाचा नकाशा असून त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेले असतात. गाडीमार्गाची रुंदी साधारण 16.5 ते 21 फूट आणि पायमार्गाची 8.25 फूट धरली जाते. नव्या धाटणीच्या थारसारखी गाडी सुमारे 6 फूट रुंद असते, तेव्हा कागदावर हा हिशेब दोन्हीकडे हात पसरून बसावे इतका सुटसुटीत वाटतो. प्रत्यक्षात नांगरटीच्या वेळी दोन्ही बाजूंचे शेजारी दरसाल वीतभर बांध कोरतात, म्हणजे नांगराचा फाळ हळूच सरकारी वाटेत घालतात, आणि काही वर्षांनी गाडीमार्गाचा पायमार्ग व पायमार्गाचा पाटाचा काठ होतो. अडवलेली वाट मोकळी करून देण्यासाठी 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, बांधावरून वाट मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 143 आहे, आणि पांदणी पक्क्या करण्यासाठी राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आणली आहे. तहसील कार्यालयात ज्या वाटेचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे, नेमक्या त्याच वाटेवर मोबाइलमधील नकाशा 'उजवीकडे वळा' असे बिनदिक्कत सांगतो, आणि वळलेल्या गाडीला दोन्हीकडचे पक्षकार एकाच वेळी सामोरे येतात. आपल्या बाजूचा सरकारी मोजणीदारच आला असावा, अशी दोघांचीही समजूत असते.

ताफा एकदाचा मार्गस्थ झाला की त्याच्या रचनेचे शास्त्र लागू होते. जगभर मान्य असलेली पद्धत साधी आहे : वाट माहीत असलेला चालक सर्वांत पुढे, अनुभवी आणि दुरुस्तीचे साहित्य असलेला सर्वांत मागे, नवखे मध्ये, पुढे कोणी पळून जायचे नाही, आणि प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात दिसते की नाही हे पाहायचे, दिसत नसेल तर थांबायचे, विशेषतः प्रत्येक वळणावर मागचा येईपर्यंत वळायचे नाही. हा नियम काटेकोरपणे पाळला तर एकाही फोनशिवाय अख्खा ताफा एकत्र राहतो, कारण सर्वांत मागची गाडी थांबली की साखळीतली एकेक गाडी थांबत थांबत पहिलीपर्यंत निरोप पोचतो. व्यवहारात मात्र प्रत्येक चालकाचे लक्ष आपल्या पुढच्या गाडीवर असते, मागे राहणे ही मानहानी समजली जाते, आणि 'म्होरक्या' या पदासाठी वाट माहीत असण्यापेक्षा गाडी नवी असण्याला अधिक महत्त्व दिले जाते. चारठाण्याच्या फाट्यावर पहिल्या दोन गाड्या डावीकडे गेल्या आणि मागच्या दोन सरळ गेल्या, तर त्याला ताफा फुटणे म्हणतात. दोन्ही गटांना 'चुकलेले ते' असे वाटणे हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण आहे.

वाट चुकण्याला जागतिक पातळीवर प्रतिष्ठा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. 1977 मध्ये आबिजान-नीस शर्यतीत तिएरी साबीन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार वाळवंटात हरवला, सुदैवाने वाचला, आणि त्या अनुभवाने भारावून त्याने पॅरिसहून डकारला जाणारी शर्यत काढली, जी 26 डिसेंबर 1978 रोजी प्रथम सुटली आणि पुढे जगातली सर्वांत खडतर मानली गेली. परभणी जिल्ह्यात वाट चुकलेला माणूसही असाच संस्थापक होतो, फरक इतकाच की तो नवी शर्यत न काढता नवा व्हॉट्सॲप गट काढतो आणि त्यात जुन्या म्होरक्याला घेत नाही.

ताफा फुटल्यावर संपर्काचा प्रश्न येतो. जिंतूरच्या डोंगरात खोलगट जागी मोबाइलची रेंज जाते, तेव्हा वॉकीटॉकी हा पर्याय सुचवला जातो. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. त्याहून शक्तिशाली संचांना लागतो, आणि उपग्रहाद्वारे चालणारा फोन तर परवानगीवाचून वापरताच येत नाही. कमी शक्तीच्या संचाचा आवाज मोकळ्या माळावर चांगला पोचतो, पण मध्ये डोंगराचे नाक आले की अडतो, कारण या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या संचावर एका वेळी एकालाच बोलता येते : बटण दाबले की बोलणे, सोडले की ऐकणे. बोलून झाल्यावर 'ओव्हर' म्हणण्याची रीत याच कारणाने पडली. चार मराठी माणसांनी एका वेळी एकानेच बोलावे, ही अट ज्या देशात हे यंत्र तयार झाले तेथे अवघड वाटली नसावी. परिणामी संचातून जे ऐकू येते त्याचा नमुना असा असतो : 'डावीकडे दगड आहे, ओव्हर.' 'कोणाच्या डावीकडे?' 'दगड कुणी पाठवला?' 'अरे, बटण सोड आधी.' 'भाऊ, चटणीचा डबा तुमच्या गाडीत आहे का? ओव्हर.' शेवटच्या प्रश्नाला मात्र तत्काळ, स्पष्ट आणि एकमुखी उत्तर मिळते, यावरून यंत्रात दोष नाही हे सिद्ध होते.

यंत्रांपेक्षा जुने आणि भरवशाचे दळणवळण म्हणजे बांधावर बसलेला माणूस. त्याला रात्री कुठल्या शिवारात पाणी पडले, कोणता ओढा भरला, कुठे नांगरट झाली आणि कोणाच्या शेतातून गेल्यास भांडण होईल, हे सर्व ताजे ठाऊक असते. आणि तो हे फुकट सांगतो. अडचण त्याच्याशी बोलण्याच्या रीतीत आहे. काच अर्धी खाली करून, इंजिन चालू ठेवून आणि उत्तर संपायच्या आत गिअर टाकून विचारलेल्या प्रश्नाला 'हाव, जाते की गाडी' असे उत्तर मिळते, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचे आहे हे त्याने ओळखलेले असते. खाली उतरून, रामराम घालून, तंबाखूच्या चिमटीइतका वेळ काढून विचारले, तर संवाद वेगळा होतो. 'मालक, खालून जाऊ नका. रातच्याला लई पाणी पडलंय, फसताल.' 'काका, आपली फोर बाय फोर आहे.' 'आसंल की. मंग चारीबी फसतील.' चार चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेच्या मर्यादा इतक्या मोजक्या शब्दांत कोणत्याही माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या नाहीत. दुर्दैवाने हा इशारा ताफ्यातील एकाच गाडीला मिळतो आणि तोवर पहिल्या दोन गाड्या खालून गेलेल्या असतात.

या सर्व घटकांचा संगम पाहावयाचा असेल तर पूर्णा नदीवरील येलदरी जलाशयाचा काठ ही आदर्श जागा आहे. 1968 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात ओसरते तेव्हा काठावर गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यावर पिके घेतली जातात आणि तिला गाळपेर जमीन म्हणतात. वरचा पापुद्रा उन्हाने वाळून पांढरट व टणक दिसतो, त्यावर बगळा चालत असतो, पाठीमागे पाणी चकाकत असते, आणि छायाचित्रासाठी गाडी काठापर्यंत नेण्याचा मोह कोणालाही होतो. बगळ्याचे वजन आणि गाडीचे वजन यांतील तफावत लक्षात येईपर्यंत पापुद्रा फुटलेला असतो, पुढची दोन्ही चाके निम्मी खाली गेलेली असतात, आणि चालकाने घाबरून दिलेल्या रेसमुळे मागची दोन्हीही त्यांच्या भेटीला जातात. आता गाडीचे पोट जमिनीला टेकते, चाके नुसती गरगर फिरतात, आणि सभोवती माणसे जमतात.

यानंतरचे दृश्य नियोजनशास्त्राच्या अभ्यासकाने जवळून पाहण्यासारखे असते. एक जण 'रेस दे' म्हणतो, दुसरा 'रेस देऊ नको', तिसरा 'स्टिअरिंग सरळ', चौथा 'आधी रिव्हर्स घे', आणि पाचवा, ज्याने आजवर दुचाकीशिवाय काही चालवलेले नाही, तो 'डिफरन्शिअल लॉक' या विषयावर मांडणी सुरू करतो. रुतलेल्या गाडीला सूचना देणारा माणूस एकच असावा, त्याने चालकाला दिसेल अशा जागी उभे राहावे, आणि हाताच्या खुणांनी सांगावे; बाकीच्यांनी ओढपट्ट्याच्या लांबीच्या निदान दीडपट दूर उभे राहावे, कारण ताणलेला पट्टा किंवा हूक तुटला तर तो गोळीसारखा सुटतो आणि जीवही जाऊ शकतो. हा विनोदाचा भाग नाही. ताणला जाणारा पट्टा हिसक्याने ओढण्यासाठी असतो, साधी साखळी हिसक्याने ओढली तर तुटते, आणि गाडीला जोडण्याचा हूक कंपनीने दिलेल्या जागीच लावावा लागतो. बंपरला लावल्यास गाडी जागेवर राहते व बंपर घरी येतो.

अखेरीस गावातून ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला कोणालाही काही विचारीत नाही. तो उतरतो, एकदा खाली वाकून पाहतो, चाकापुढचा चिखल फावड्याने काढायला लावतो, शेजारच्या शेतातून कपाशीच्या पऱ्हाट्यांचे चार भारे आणून चाकांखाली दडपतो, स्वतःचा ट्रॅक्टर कडक जमिनीवरच उभा ठेवून साखळी लांबवतो, पोराला 'हात वर केला की सोड' एवढेच सांगतो, आणि सावकाश ओढतो. फसलेल्या गाडीला असे बांधून ओढण्याला चालकमंडळी 'टोचन' म्हणतात. आखणी, कामाची वाटणी, एकच सूचना देणारा, एकच ठरलेली खूण आणि अपयश आल्यास स्वतः न फसण्याची तजवीज, या ज्या गोष्टी ताफ्याला शुक्रवारपासून जमल्या नाहीत, त्या त्याने बिडी विझण्याच्या आत पार पाडलेल्या असतात. पैशांची बोलणी मात्र तो गाडी बाहेर आल्यावर करतो, आणि यातही नियोजन आहे.

सामूहिक प्रवास मराठी माणसाच्या रक्तातच नाही, असा समज यावरून कोणी करून घेऊ नये. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेडमार्गे जाते. शेकडो वारकरी ओळी न मोडता चालतात, मुक्कामांच्या जागा आणि तारखा आधी जाहीर झालेल्या असतात, कोणत्या गावात दुपारचा विसावा आणि कोणत्या गावात रात्रीचा मुक्काम हे वाटेवरच्या शाळकरी मुलालाही माहीत असते, आणि एवढ्या मोठ्या समुदायात कोणी कोणाला 'निघालात का?' असा निरोप पाठवीत नाही. त्यांना वाट आणि वेळ आधी ठरवून दिलेली असते, पुढे चालणाऱ्याचा शब्द सर्व मानतात, आणि आपण पहिले पोचावे ही कोणाची महत्त्वाकांक्षा नसते. चार गाड्यांचा ताफा ज्या दिवशी या तीन गोष्टी मान्य करील, त्या दिवशी त्याला वॉकीटॉकी विकत घ्यावी लागणार नाही.

तात्पर्य, आडवाट-प्रवासाची योजना करताना गाडीपेक्षा माणसांची योजना अधिक करावी. निघण्याआधी पाच गोष्टी ठरवून त्या गटात न लिहिता कागदावर लिहाव्यात व प्रत्येक गाडीत ठेवाव्यात : पुढे कोण, मागे कोण, संपर्क तुटल्यास कोणत्या ठिकाणी परत जमायचे, किती वाजता कुठूनही मागे फिरायचे, आणि घरी कोणाला किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. यांतील मागे फिरण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण अंधार पडल्यावर बांधावरचा माणूस घरी गेलेला असतो. वनखात्याची हद्द असेल तर परवानगी आधी काढावी. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जाणे पुढे ढकलावे. काळी जमीन कुठे जात नाही. पेरलेल्या शेतात चाक घालू नये, वाट विचारताना गाडीतून उतरावे, आणि ज्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली त्याच्या डिझेलचे पैसे त्याने मागण्याआधी हातावर ठेवावेत.